मातीतील धातू आणि वनस्पती : एका शास्त्राचा इतिहास व आपला सीमाभाग



शाळेच्या या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्यासाठी मला पाचारण केल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांच्या पिढीने विद्यार्थ्यांना पुस्तकाबाहेरही पाहावयास शिकविले. त्या परंपरेला धरूनच मी आजचा विषय निवडला आहे.

व्याख्यान इतिहासावर व्हावे, अशी संस्थेची सूचना होती. इतिहास म्हटला की किल्ले, लढाया, तह आणि सनावळ्या आपल्यापुढे उभ्या राहतात. मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे त्यात राजे नाहीत आणि लढाया नाहीत. माणसाने आपल्या उद्योगापायी मातीत जे धातू मिसळले, ते वनस्पतींच्या साहाय्याने पुन्हा काढून घेता येतील काय, या प्रश्नाचा तो इतिहास आहे. हे शास्त्र परदेशी प्रयोगशाळांत वाढले हे खरे. परंतु त्याचे मर्म समजून घेण्यास बेळगाव-निपाणीच्या परिसराइतकी सोयीची भूमी दुसरी क्वचितच असेल. एकीकडे निपाणीची तंबाखू, दुसरीकडे बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याचा लाल चिखल आणि मधोमध बळ्ळारी नाल्याकाठची भातशेती, अशी तीन उदाहरणे आपल्या दाराशीच आहेत.

धातू नाश पावत नाही

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त यांना आपण ढोबळमानाने जड धातू म्हणतो. सोमल, म्हणजे आर्सेनिक, काटेकोर अर्थाने धातू नसला तरी त्याची गणना याच पंक्तीत होते. यांपैकी जस्त आणि तांबे अल्प प्रमाणात वनस्पतींना आवश्यकच असतात. कॅडमियम, शिसे व पारा यांचा मात्र पिकाला किंवा माणसाला काही उपयोग नाही.

शेणखत मातीत कुजते, पाने कुजतात, पुष्कळशी कीटकनाशकेही कालांतराने विघटन पावतात. धातू कुजत नाही. तो मूलद्रव्य आहे. त्याचे रूप पालटेल, जागा पालटेल, परंतु तो नाहीसा होणार नाही. इंग्लंडमधील वोबर्न येथील शेतावर १९४२ ते १९६१ या काळात शहरी सांडपाण्याचा गाळ खत म्हणून घातला गेला. गाळ घालणे थांबून कित्येक दशके लोटल्यावरही त्यातील धातूंचा मोठा भाग नांगरटीच्या थरातच आढळला. म्हणूनच ‘वनस्पती माती शुद्ध करतात’ हे विधान ऐकले की त्यापुढे एक प्रश्न विचारलाच पाहिजे : मातीतून निघालेला धातू गेला कोठे? माझे आजचे सारे विवेचन या एका प्रश्नाभोवती आहे.

खडकावरची फुले

वनस्पती जमिनीच्या पोटातील गोष्टी सांगतात, ही जाणीव प्राचीन आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ‘दकार्गल’ नावाचा अध्याय आहे. कोणता वृक्ष कोठे वाढला, त्याच्याजवळ वारूळ कोणत्या दिशेस आहे, यावरून भूगर्भातील पाण्याचे अनुमान त्यात सांगितले आहे. यावरून आपल्या पूर्वजांना आजचे हे शास्त्र ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. झाडाकडे भूमीचा साक्षीदार म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांना होती, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

युरोपात १५८३ साली आंद्रेआ चेसाल्पिनो या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने तस्कनीमधील काळ्या खडकांवर वाढणाऱ्या एका लहानशा पिवळ्या फुलांच्या झुडपाची नोंद केली. इतर वनस्पती जेथे धड जगत नाहीत तेथेच हे झुडूप आनंदाने वाढते, हे त्याच्या लक्षात आले होते. कारण कळावयास मात्र साडेतीन शतकांहून अधिक काळ जावा लागला. १९४८ साली मिंगुत्सी आणि व्हेर्ञानो या संशोधकांनी त्याच झुडपाचे पृथक्करण केले, तेव्हा वाळलेल्या पानांत एक टक्क्याच्या आसपास निकेल आढळले. साधारण वनस्पतीत निकेलचे प्रमाण किलोमागे काही मिलिग्रॅम इतकेच असते. तत्पूर्वी एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील आखेनच्या परिसरातील जस्तयुक्त जमिनीवरच्या वनस्पतींच्या राखेत जस्ताचे असेच असामान्य प्रमाण आढळले होते. पण ती एक गमतीची गोष्ट म्हणून मागे पडली.

पुढे १९७६ साली फ्रेंच शास्त्रज्ञ जाफ्रे व त्यांचे सहकारी यांनी पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावरील एका वृक्षाची माहिती प्रसिद्ध केली. त्याच्या सालीला छेद दिला की निळसर हिरवा चीक वाहतो आणि तो वाळविला असता त्याच्या वजनाचा सुमारे चतुर्थांश भाग निकेल असतो! १९७७ मध्ये न्यूझीलंडचे रॉबर्ट ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वनस्पतींना स्वतंत्र नाव दिले. मराठीत आपण त्यांना ‘अतिसंचयी वनस्पती’ म्हणू. १९८३ साली अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ रूफस चेनी यांनी पुढचे पाऊल टाकले. या वनस्पती दूषित शेतात पीक म्हणून लावाव्यात, कापून न्याव्यात आणि त्यांच्याबरोबर धातूही बाहेर काढावा, ही कल्पना त्यांनी मांडली. अलीकडे मलेशियातील साबा प्रांतात सापडलेल्या, निकेल साठविणाऱ्या एका झुडपाला शास्त्रज्ञांनी चेनी यांचेच नाव दिले. हे झुडूप आपल्या आवळ्याच्या प्रजातीतील आहे.

१९९०च्या दशकात या विद्येला बहर आला. वोबर्नच्या त्याच गाळमिश्रित शेतावर अतिसंचयी वनस्पतींची पहिली शेतचाचणी झाली. अमेरिकेत इल्या रास्किन यांच्या गटाने आपल्या फोडणीतल्या मोहरीची जात शिसे शोषण्यासाठी वापरली. शिसे मातीला घट्ट चिकटून असते. ते सुटावे म्हणून मातीत विशिष्ट रसायन मिसळण्यात आले. मोहरीने शिसे घेतले खरे, परंतु सुटलेले सगळेच शिसे तिला घेता येईना. उरलेले पाण्याबरोबर खाली झिरपून भूजलात जाण्याचे भय निर्माण झाले. येथेही तोच प्रश्न आडवा आला : धातू गेला कोठे?

२००१ साली लीना मा आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिडातील एका नेच्याविषयी ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिले. लाकूड टिकविण्याच्या रसायनांमुळे दूषित झालेल्या जमिनीवर तो वाढत होता आणि मातीतील आर्सेनिक पानांत साठवीत होता. प्रयोगासाठी आर्सेनिक मिसळलेल्या मातीत वाढविला असता त्याच्या पानांत ते दोन टक्क्यांहून अधिक भरले. हा नेचा फ्लोरिडाचा मूळ रहिवासी नव्हे. तो आशियातला, आपल्याकडचाही आहे. पावसाळ्यात जुन्या चुनेगच्ची भिंतींच्या आणि विहिरींच्या सांदीतून जे लांब पट्टीसारख्या पानांचे नेचे डोकावतात, त्यांत तो सहज सापडतो.

निपाणीची तंबाखू

आता आपल्या मुलखाकडे वळू. निपाणी, चिकोडी, कागल, गडहिंग्लज या पट्ट्यातील विडीच्या तंबाखूने येथे बाजारपेठ वसविली, वखारी उभ्या केल्या, हजारो स्त्रियांना काम दिले आणि त्यांच्या कष्टांचे प्रश्नही जन्मास घातले. १९८१च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगलोर महामार्गावर ठिय्या दिला आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. तो इतिहास आपणांस ठाऊक आहे. याच पिकाचा आणखी एक गुण मात्र फारसा कोणी सांगत नाही.

बहुतेक पिकांत मुळांनी घेतलेले कॅडमियम मोठ्या प्रमाणात मुळांतच अडकून राहते. तंबाखू याला अपवाद आहे. जस्त वाहून नेणारी जी यंत्रणा तिच्या मुळांत आहे, तीच कॅडमियमलाही वर चढविते आणि पानांत नेऊन साठविते. कारण जस्त आणि कॅडमियम ही रासायनिकदृष्ट्या भावंडे आहेत. शेंडा खुडून आणि फुटवे काढून आपला शेतकरी पिकाचे सारे बळ पानांत आणतो. विक्रीस जाते ते पानच, आणि जळते तेही पानच. विडी-सिगारेटच्या पेटत्या टोकाशी कॅडमियमची वाफ होण्याइतकी उष्णता असते. ही वाफ धुराबरोबर फुप्फुसात जाते. अन्नातून आलेल्या कॅडमियमचा अल्प अंशच शरीरात शोषला जातो. फुप्फुसावाटे शोषले जाणारे प्रमाण त्याहून कितीतरी अधिक असते. ते मूत्रपिंडात साठते आणि तेथून निम्मे बाहेर पडावयास दहा ते तीस वर्षे लागू शकतात. धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातील कॅडमियमचा साठा न करणाऱ्याच्या सुमारे दुप्पट असतो, असे आढळून आले आहे.

हे कॅडमियम शेतात येते कोठून? काही अंशी ते मूळ खडकातूनच येते. काही अंशी फॉस्फेटयुक्त खतांतून, कारण ज्या खनिजापासून ही खते बनतात त्यात कॅडमियमचा अंश असतो. आणि काही ठिकाणी कारखान्यांच्या व शहरांच्या सांडपाण्यातून. सुदैवाने निपाणीची काळी जमीन चिकणमातीची आणि बहुधा चुनखडीची आहे. अशी माती कॅडमियमला धरून ठेवते. पश्चिमेकडे खानापूर-चंदगडच्या आम्लधर्मी तांबड्या जांभ्या जमिनीत तेच कॅडमियम अधिक सहजपणे मुळांच्या हाती लागते.

मग तंबाखू लावूनच जमीन स्वच्छ का करू नये? स्वित्झर्लंडमध्ये सूर्यफूल आणि तंबाखू यांच्या निवडक वाणांचे असे प्रयोग प्रत्यक्ष शेतावर झाले आहेत. आपण एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. एक हेक्टर शेताच्या वरच्या २० सेंटिमीटर थरातील मातीचे वजन सुमारे २६ लाख किलो भरते. त्या मातीत किलोमागे २ मिलिग्रॅम कॅडमियम जास्त आहे असे धरले, तर काढावयाचे कॅडमियम ५ किलो २०० ग्रॅम झाले. हेक्टरी १,५०० किलो सुकी पाने आणि किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅडमियम धरले, तर एका हंगामात निघेल साडेचार ग्रॅम. भागाकार केला तर साडेअकराशे वर्षे लागतात! याउलट अतिसंचयी वनस्पतीच्या पानांत किलोमागे १०० मिलिग्रॅम असेल आणि तिचे हेक्टरी ३ टन सुके पीक येईल, तर एका पिकात ३०० ग्रॅम निघेल आणि काम सतराअठरा पिकांत उरकेल. अडचण ही की, अशा वनस्पती बहुधा खुजट आणि मंद वाढीच्या असतात, आणि आपल्या हवेत त्या तितक्या वाढतीलच असे नाही.

श्रोतेहो, या हिशेबात एक शिकवण दडलेली आहे. वर्षाला साडेचार ग्रॅम ही मात्रा शेत स्वच्छ करण्यास नगण्य आहे. परंतु तीच मात्रा माणसांच्या फुप्फुसांत वाटली गेली तर नगण्य राहत नाही. शुद्धीसाठी लावलेले पीक बाजारात गेले, तर आपण शेतातले विष उचलून माणसांत पेरले असे होईल. म्हणून असे पीक कापल्यावर ते नियंत्रित भट्टीत जाळणे, राख सुरक्षित जागी पुरणे किंवा तिच्यातून धातू परत मिळविणे, हा त्या शेतीचाच भाग मानला पाहिजे.

लाल चिखल

दुसरे उदाहरण बेळगावचे. इंडियन ॲल्युमिनियम कंपनीचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘इंडाल’चा, कारखाना येथे १९७०च्या सुमारास सुरू झाला, पुढे तो हिंडाल्कोकडे आला. कोल्हापूर जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरचे बॉक्साइट हा या उद्योगाचा एक आधार. कार्ल बायर या शास्त्रज्ञाने १८८८ साली पेटंट घेतलेल्या पद्धतीनुसार बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात उकळून त्यातून ॲल्युमिना वेगळे काढतात. मागे राहतो तो लोहाच्या ऑक्साइडामुळे तांबडा दिसणारा गाळ. एक टन ॲल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन लाल चिखल उरतो. त्यात सोडा असतो, टायटॅनियम असते आणि क्रोमियम, व्हॅनेडियम यांसारख्या धातूंचा अंशही असतो. त्याची अल्कधर्मिता इतकी तीव्र असते की, तशाच गाळात गवताची काडीही रुजत नाही. ४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीतील आयका येथे अशा गाळाचा बांध फुटून दहा माणसे दगावली. ९ एप्रिल २०१९ रोजी झारखंडमधील मुरी येथेही अशा साठ्याचा ढिगारा कोसळला. हा प्रश्न बेळगावपुरता नसून साऱ्या जगातील ॲल्युमिना उद्योगाचा आहे.

अशा ढिगावर वनस्पतींचे काम निराळे असते. येथे धातू शोषून घ्यावा अशी अपेक्षाच नसते. उलट, मुळांनी तो जागच्या जागी बांधून ठेवावा, धूळ उडू देऊ नये, पावसाचे पाणी ढिगातून वाहू देऊ नये, एवढेच मागणे असते. याला आपण वनस्पतींद्वारे स्थिरीकरण म्हणू. त्यासाठी प्रथम जिप्सम घालून सोड्याचा जोर कमी करावा लागतो, सेंद्रिय द्रव्य मिसळावे लागते, आणि मग क्षार सोसणारी गवते व झुडपे रुजवावी लागतात. येथे जी वनस्पती धातू पानांत चढवील ती अपात्र ठरते, कारण ती पाने गुरे खातील. एका ठिकाणी जो गुण तोच दुसऱ्या ठिकाणी दोष ठरतो.

या कामी महाराष्ट्रातच एक मोलाचा प्रयोग झाला आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या उघड्या ढिगांवर वृक्षराजी उभी केली. त्यासाठी वापरलेली सामग्री साधी होती. साखर कारखान्यातून निघणारा प्रेसमड, नत्र स्थिर करणारे जिवाणू, आणि मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी. ही बुरशी पाणी व अन्न मिळवून देते आणि पुष्कळदा धातूला मुळाच्या उंबरठ्यावरच थोपविते. संकेश्वर, चिकोडी, निपाणी हा सारा टापू साखर कारखान्यांचा आहे. तेव्हा प्रेसमड आपणांस नवा नाही. घाटावरील बॉक्साइटच्या रित्या खाणींना अशा ज्ञानाची गरज पडणार आहे. लाल चिखलाबाबत आणखी एक वाट निघाली आहे. २०२० साली हिंडाल्को व अल्ट्राटेक यांच्यात वर्षाला १२ लाख टन लाल चिखल सिमेंटसाठी देण्याचा करार झाला. ढीग वाढूच न देणे हा उपाय कोणत्याही रोपापेक्षा सरस होय.

भाताची दोन रूपे

तिसरे उदाहरण अन्नाचे आहे आणि म्हणून सर्वांत नाजूक आहे. जपानमध्ये तोयामा प्रांतातील जिंझू नदीत कामिओका खाणीतून कॅडमियम उतरले, नदीच्या पाण्यावर भात पिकला आणि तो खाणाऱ्यांची, विशेषतः उतारवयीन स्त्रियांची, हाडे ठिसूळ झाली. वेदनेने विव्हळणाऱ्यांच्या ‘दुखते, दुखते’ या शब्दांवरूनच रोगाला ‘इताई-इताई’ हे नाव पडले. १९६८ साली जपान सरकारने त्याचे कारण अधिकृतपणे मान्य केले. १९७९ साली सुरू झालेले तेथील शेतजमिनीची माती सुधारण्याचे काम २०१२ मध्ये संपले. दूषित थर पालटण्यासाठी तेहतीस वर्षे खर्ची पडली.

माती उपसण्याचा हा खर्च पाहून जपानी शास्त्रज्ञांनी भाताकडेच मदत मागितली. भरपूर कॅडमियम शोषणारी चोकोकोकू नावाची जात त्यांनी दोन हंगाम घेतली, खाचरात पाणी न साठविता. मातीतील एकूण कॅडमियम ३८ टक्क्यांनी घटल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या एका गटाने याच्या अगदी उलट दिशेने काम केले. मुळातील धातू आत घेणारे एक जनुक निकामी झालेले भाताचे वाण त्यांनी मिळविले; त्याच्या दाण्यात कॅडमियम जवळजवळ उतरतच नाही. एक भात माती धुण्यासाठी आणि एक भात ताटासाठी! पाण्याचाही येथे मोठा वाटा आहे. खाचरात पाणी उभे असले की कॅडमियम बांधले जाते, पण आर्सेनिक मोकळे होते. पाणी काढले की याच्या उलट घडते.

वडगाव, शहापूर, येळ्ळूर या भागांतील बासमतीचा सुगंध आपणांस सांगावयास नको. शहराचे सांडपाणी घेऊन जाणारा बळ्ळारी नाला याच शिवारांतून वाहतो, पावसाळ्यात शेतांत शिरतो आणि पुढे मार्कंडेय नदीस मिळतो. तिचे पाणी घटप्रभेतून कृष्णेत जाते. नाल्याविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी जुन्या आहेत. त्या बहुधा पुराविषयी आणि दुर्गंधीविषयी असतात. धातू मात्र दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि त्याने पिकाचा रंगही लवकर बिघडत नाही.

त्यासाठी पहिले काम मोजणीचे आहे. २०१५ साली केंद्र सरकारने मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आणली. तिच्यात बारा गोष्टींची तपासणी होते. त्यांत जस्त, लोह, तांबे व मँगनीज आहेत, कारण पिकाला त्यांची गरज असते. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा त्यांत नाहीत. आपल्या शेतकऱ्याच्या हाती जी पत्रिका येते ती मातीत काय कमी आहे हे सांगते. मातीत काय नको ते आहे हे सांगत नाही.

समारोप

या चारशे-साडेचारशे वर्षांच्या इतिहासातून मला जे दिसते ते थोडक्यात सांगतो. वनस्पती माती शुद्ध करू शकतात; पण कोणती वनस्पती, कोणता धातू, कोणती माती आणि कापणीनंतर काय, या चार प्रश्नांची उत्तरे आधी हवीत. शेतातला धातू काढावयाचा की ढिगातला बांधून ठेवावयाचा, हेही आधी ठरले पाहिजे. उत्तरांवाचून केलेली लागवड म्हणजे केवळ छायाचित्रापुरते वृक्षारोपण होय. आणि मातीत धातू जाऊच न देणे हे साऱ्या उपायांहून स्वस्त आहे. विसर्ग होणारे सांडपाणी शुद्ध करणे, ओतकामाची वाळू, जुन्या बॅटऱ्या व मुलाम्याचे पाणी उघड्यावर न टाकणे, हे आपल्या औद्योगिक शहराचे कर्तव्यच आहे.

या सभागृहात शेती करणारे माजी विद्यार्थी आहेत, कारखानदार आहेत, महाविद्यालयांतून शिकविणारे आहेत. शेतकऱ्याने बांधावरची माती द्यावी, ज्याच्या प्रयोगशाळेत साधन आहे त्याने ती तपासावी, आणि शाळेने नाल्याकाठच्या शिवारांची ती नोंद वर्षानुवर्षे जपून ठेवावी, एवढी माझी विनंती आहे. जिंझूच्या काठच्या लोकांना रोग झाल्यावर मोजणी सुरू करावी लागली. आपणांस ती आधी सुरू करता येईल.